परदेशातल्या हॉटेलांतला गाण्यांचा दणदणाट : सोलापुरातून पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

ऑगस्ट लागला की आमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघतं. मी सात वर्षं मँचेस्टरला राहून सोलापूरला परतले आहे, म्हणून मुलं विचारायला घरी येतात. शेंगा चटणी किती किलो न्यावी, कडक भाकरीचा चुरा होणार नाही ना, चादर एक पुरेल की दोन, खोलीचं डिपॉझिट किती पडतं. एक प्रश्न मात्र आजवर कुणीच विचारला नाही. मी जाताना मलाही त्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. तिकडं ओळखी वाढतात त्या हॉटेलात, पबमध्ये, कॅफेत. ऑफिसातली कितीतरी कामाची बोलणीही तिथंच होतात. आणि नेमकी तिथंच गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली असतात की शेजारच्याचं बोलणं कळत नाही.

(शब्दाचा एक खुलासा. तिकडं 'हॉटेल' म्हणजे मुक्कामाची जागा, जेवायचं ते 'रेस्टॉरंट'. मी इथं आपल्या सवयीप्रमाणं हॉटेलच म्हणणार आहे.)

माझा तिथला पहिलाच शुक्रवार होता. ऑफिसातल्या आठ जणांबरोबर जेवायला गेले. उघड्या विटांच्या भिंती, पत्र्याच्या खुर्च्या, छताच्या नळ्या तशाच उघड्या आणि बरोबर माझ्या डोक्यावर स्पीकर. शेजारी बसलेला सहकारी माझ्याकडं झुकून काहीतरी बोलला. दोनच वाक्यं. त्यातलं 'मदर' आणि 'लास्ट वीक' एवढंच मला कळलं. मी हसून म्हणाले, "ओह, नाइस!" तो गप्प झाला आणि काट्यानं बशीतला भात इकडचा तिकडं करत राहिला. सोमवारी दुसऱ्या एकीनं सांगितलं, त्याची आई आदल्या आठवड्यात गेली होती.

त्यानंतर तीन महिने मी प्रत्येक बोलावणं टाळलं. आज डोकं दुखतंय, आज घरून फोन यायचाय. आपलं इंग्रजी कच्चं आहे, अशी माझी खात्रीच पटली होती. ते तीन महिने तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी : इंग्रजीला दोष देणं थांबवा

गड्ड्याची जत्रा डोळ्यांसमोर आणा. होम मैदानावर पाळण्यांची घरघर, पिपाण्या, चार दिशांचे चार लाउडस्पीकर. त्या कल्लोळात आई मागून हाक मारते. कानावर अर्धाच शब्द पडतो, तरी आपण वळून बघतो. उरलेला अर्धा शब्द आपलं डोकं भरून काढतं, कारण ती भाषा पाळण्यात असल्यापासून कानात मुरलेली असते. मोठेपणी शिकलेल्या भाषेत ही भर घालायची ताकद कमी पडते. शांत खोलीत इंग्रजी अगदी छान समजणारी माणसंसुद्धा गोंगाटात तिथल्या माणसांपेक्षा मागं पडतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. अनेक आवाजांतून एकच आवाज वेचून ऐकण्याच्या माणसाच्या या ताकदीवर कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञानं १९५३ साली प्रयोग प्रसिद्ध केले. तेव्हापासून या कोड्याला 'कॉकटेल पार्टी'चं नाव पडलं आहे. म्हणजे हा त्रास नवा नाही आणि तुमच्या एकट्याचाही नाही.

त्यात इंग्रजीची आणखी एक अडचण. शब्दाच्या शेवटचे स, फ, थ, ट हे बारीक आवाज अर्थ ठरवतात आणि ढोलाच्या ठेक्याखाली तेच आधी गाडले जातात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत मी कितीदा फसले आहे. तेव्हा हॉटेलात काही कळलं नाही तर मनात आधी 'आवाज फार आहे' असं म्हणा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असं सगळं कानावर घेत वाढलेली आपण सोलापूरची माणसं. भाषा उचलण्यात आपला कान कमी नाही.

दुसरी पायरी : हा दणदणाट होतो कसा, ते समजून घ्या

हे समजलं की पुढच्या सगळ्या युक्त्या आपोआप सुचतात, म्हणून इथं थोडी थांबते.

आमचे अण्णा तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणायचे. लहानपणी मी डबा घेऊन कारखान्यात जायची. पत्र्याच्या शेडमध्ये माग चालू असताना बोलायची सोयच नव्हती. धोट्याचा आवाज भिंतीवर आदळायचा, छतावर आदळायचा आणि परत यायचा. अण्णा बोटांनी विचारायचे, 'आई बरी आहे?', मी मान हलवायची. तिथून दहा पावलांवर मालकाचं गोदाम होतं, टॉवेलच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेलं. आत पाऊल टाकलं की कुणी कानांवर हात ठेवावेत तसं वाटायचं. तिथं हळू बोललं तरी स्पष्ट कळायचं आणि ओरडलं तरी घुमायचं नाही. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, पत्रा, काच, फरशी आणि सिमेंट तो परत फेकतात. बास, एवढंच शास्त्र आहे. तिकडच्या नव्या धाटणीच्या हॉटेलांतून गालिचे गेले, पडदे गेले, टेबलावरचं कापड गेलं, छत उघडं झालं. म्हणजे गोदामाची शेड झाली.

दुसरं कारण माणसांच्या घशात आहे. भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-घसा डॉक्टरांनी १९११ साली ही गोष्ट मांडली, म्हणून तिला लोंबार परिणाम म्हणतात. एका टेबलावरची माणसं मोठ्यानं बोलतात, त्यामुळं शेजारचं टेबल आणखी मोठ्यानं. मग गाणी ऐकू येईनाशी होतात, म्हणून बारवरचा मुलगा बटण आणखी फिरवतो. रात्री आठला सुसह्य वाटणारी जागा साडेनऊला असह्य होते ती अशी.

तिसरं कारण धंद्याचं. रिकामं, शांत हॉटेल बाहेरून जाणाऱ्याला ओस वाटतं, म्हणून गाणी. शिवाय गाण्याच्या चालीचा जेवणाच्या वेगाशी संबंध आहे. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकी अभ्यासकानं १९८६ मध्ये दाखवून दिलं की संथ संगीत असलं की गिऱ्हाइकं जास्त वेळ बसतात आणि जलद संगीत असलं की लवकर उठतात. शुक्रवारी रात्री दारात रांग असताना मालकाला काय हवं असतं, ते सांगायला नको.

तिसरी पायरी : सोलापुरातच करून जायच्या तीन गोष्टी

पहिली, कानांची तपासणी. ईएनटी डॉक्टरांकडं जाऊन ऑडिओग्राम करून घ्या आणि तो कागद इतर कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढं कधी कानाचा त्रास झाला तर आधी कान कसे होते, हे तिथल्या डॉक्टरांना दाखवता येतं. मागाजवळ, कारखान्यात किंवा डीजेच्या मिरवणुकांत ज्यांचं लहानपण आणि तारुण्य गेलं, त्यांनी तर हे टाळूच नये.

दुसरी, फोनवर आवाज मोजायचं ॲप. आयफोन असेल तर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं साउंड लेव्हल मीटर फुकट मिळतं आणि ते भरवशाचं आहे. अँड्रॉइडवरच्या ॲपचा आकडा ढोबळ समजावा, पण 'इथं जास्त, तिथं कमी' एवढं त्यावरही कळतं. जायच्या आधी आठवडाभर आकडे बघायची सवय लावा. घरातल्या साध्या गप्पा ६० डेसिबलच्या आसपास असतात. चालू मागांच्या शेडमध्ये काटा ९० च्या पुढं जातो. हा आकडा किराणा सामानासारखा मोजू नका. ६० चे ७० झाले म्हणजे थोडासा फरक नव्हे, आवाजाची ताकद दहापट झाली.

तिसरी, कानात घालायचे प्लग. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग झोपायला उत्तम, पण त्यातून बोलणं गढूळ ऐकू येतं. वाजवणारे कलाकार वापरतात ते 'हाय फिडेलिटी' जातीचे प्लग बघा. ते सगळा आवाज सारखा कमी करतात, त्यामुळं समोरच्याचे शब्द बऱ्यापैकी शाबूत राहतात. कानात प्लग घालून हॉटेलात बसणं विचित्र दिसेल, असं मला वाटायचं. केसांआड कुणाला दिसतही नाहीत, आणि दिसले तरी तिथं कुणी विचारत नाही.

चौथी पायरी : जागा तुम्ही सुचवा

सगळ्यात मोठा फरक इथं पडतो. नवखा माणूस 'तुम्ही म्हणाल तिथं' म्हणतो. आपल्याकडं ती रीत आहे, पाहुण्यानं जागा सांगायची नसते. तिकडं उलट आहे. कुणी नाव सुचवलं तर बाकीच्यांना हायसं वाटतं. म्हणून दोन-तीन शांत जागा आधीच हेरून ठेवा.

हेरायच्या कशा? गूगल मॅपवर हॉटेलचे फोटो उघडा आणि आधी छत बघा, मग जमीन, मग टेबल. छत उघडं, जमीन सिमेंटची, टेबलं लाकडी आणि उघडी असली तर शेड समजा. गालिचा, पडदे, गादीच्या पाठीची बाकं, टेबलावर कापड असं काही दिसलं तर गोदामाच्या जवळ आलात. मग अभिप्रायांत 'लाउड', 'नॉइझी', 'क्वाएट' हे शब्द शोधा, जर्मनीत 'लाउट' आणि 'रुहिग'. लोक जेवणाबद्दल काहीही लिहोत, आवाजाबद्दल सहसा खरं लिहितात. साउंडप्रिंट नावाचं एक ॲप आहे, त्यात लोकांनी स्वतः मोजलेले हॉटेलांचे आवाज दिसतात. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत ते जास्त उपयोगी पडतं.

ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांना एक खास गोष्ट सांगते. वेदरस्पून नावाच्या पबच्या साखळीत बहुतेक ठिकाणी गाणी लावतच नाहीत. पबमध्ये जायचं म्हणून बिचकू नका, तिथं चहा-कॉफी आणि साधं जेवणही मिळतं. आणि जमिनीवर गालिचा असतो. जवळपास प्रत्येक पबसाठी वेगळ्या नक्षीचा गालिचा विणून घेतलेला असतो. आपण विणकरांच्या गावची माणसं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ खालीच बघत बसले होते.

शुक्रवार-शनिवारची रात्र आणि फुटबॉलच्या सामन्याचा दिवस टाळा. वेळ लवकरची घ्या. आपल्याला रात्री नऊला जेवायची सवय, पण ब्रिटन-अमेरिकेत साडेपाच-सहाला हॉटेल निम्मं रिकामं असतं आणि गाणीही खालच्या आवाजात असतात. स्पेनमध्ये मात्र लोक नऊ-दहाला जेवतात, तिथं आठलासुद्धा शांतता मिळेल. दुपारचं जेवण तर सगळीकडंच सोयीचं. कामाचं काही बोलायचं असेल तर मी नेहमी दुपारच सुचवायची.

पाचवी पायरी : टेबल मागून घ्या

टेबल आधी ठरवायची तिकडं पद्धतच आहे, तेव्हा त्याच फोनमध्ये किंवा निरोपात एक वाक्य जोडा. इंग्रजीत, "कुड वी हॅव अ क्वाएट टेबल, अवे फ्रॉम द स्पीकर्स, प्लीज?" जर्मनीत, "आयनन रुहिगन टिश, बिट्टं." कारण सांगायची गरज नाही.

आत गेल्यावर बसायच्या आधी वर बघा. स्पीकर कुठं आहेत, दार कुठं, स्वयंपाकघर कुठं, कॉफीचं यंत्र कुठं. या चौघांपासून जितकं लांब तितकं बरं. कोपऱ्यात, पाठीमागं भिंत किंवा उंच पाठीचं गादीचं बाक असेल अशी जागा पकडा, म्हणजे मागून येणारा आवाज अडतो. समोरच्याच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे. तो खिडकीकडं पाठ करून बसला तर ओठ दिसत नाहीत, आणि गोंगाटात आपण ओठ वाचतच असतो, जाणवत नसलं तरी. ज्यांना कानाचं यंत्र आहे त्यांनी गोंगाट पाठीकडं येईल असं बसावं, कारण बरीच यंत्रं समोरचा आवाज उचलून मागचा दाबतात.

आठ-दहा जणांच्या लांब टेबलावर टोकाला बसू नका. मधे बसा, किंवा ज्याच्याशी खरंच बोलायचं आहे त्याच्या शेजारी. सगळ्या टेबलाचं बोलणं पकडायचा हट्ट सोडलात की निम्मा थकवा जातो.

सहावी पायरी : आवाज कमी करायला सांगणं

आपली मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती इथं. "आपण परके, त्यांचं हॉटेल, त्यांची गाणी, आपण कोण सांगणार?" हे मला प्रत्येक जण म्हणतो.

तर ऐका. तिथली माणसंही याला विटलेली आहेत. ब्रिटनमध्ये १९९२ पासून 'पाइपडाउन' नावाची चळवळ चालू आहे, दुकानांत आणि हॉटेलांत लादलेल्या गाण्यांविरुद्ध. मार्क्स अँड स्पेन्सर या मोठ्या दुकानसाखळीनं २०१६ मध्ये आपल्या दुकानांतलं संगीत बंद केलं. तुम्ही सांगितलंत तर शेजारच्या टेबलावरचं एखादं म्हातारं जोडपं तुमच्याकडं बघून हलकेच मान डोलावेल. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं आहे.

सांगायची वेळ सुरुवातीची. पहिली ऑर्डर द्यायच्या आधीच. जेवण अर्ध्यावर आल्यावर, वैतागून, चढलेल्या आवाजात सांगितलं तर ते भांडण वाटतं. बोट वर करून हाक मारू नका, टिचकी तर नकोच. नजरेला नजर मिळाली की किंचित हात उचला. आणि वाक्य असं : "सॉरी, वुड यू माइंड टर्निंग द म्युझिक डाउन अ लिटल? वी आर स्ट्रगलिंग टु हिअर ईच अदर." 'बंद करा' म्हणू नका, 'थोडं कमी' म्हणा. दोष गाण्याला देऊ नका, अडचण आपली सांगा. जर्मनीत, "क्योंटन झी बिट्टं दी मुझीक एटवास लायझर माखन?" आरशासमोर चार वेळा म्हणून बघा, म्हणजे ऐनवेळी जीभ अडत नाही.

वाढणारी मुलगी 'हो' म्हणाली आणि काहीच झालं नाही, तर एकदा मॅनेजरला सांगा. तिच्यावर चिडू नका. बऱ्याच साखळी हॉटेलांत गाणी आणि त्यांचा आवाज मुख्य कार्यालयातून ठरतो, तिच्या हातात काही नसतं. शिवाय तुम्ही दोन तासांत उठून जाता, ती आठ तास त्यातच असते. ब्रिटनमध्ये यासाठी २००५ चे कामाच्या जागी आवाजाचे नियम आहेत, आणि संगीत-करमणुकीच्या धंद्याला ते २००८ पासून लागू झाले. दिवसभराची सरासरी ८० डेसिबलच्या वर गेली की मागेल त्या कामगाराला कानांचं संरक्षण द्यावं लागतं, आणि ८५ च्या वर ते वापरणं सक्तीचं होतं. तुम्ही तिथं नोकरी करत शिकणार असाल, भांडी घासायला किंवा वाढायला उभे राहणार असाल, तर हा हक्क तुमचासुद्धा आहे. मालकाकडं मागा. आमच्या अण्णांना तीस वर्षांत कुणी कापसाचा बोळाही दिला नाही.

मॅनेजरनंही काही केलं नाही तर टेबल बदलून मागा. तेही नाही जमलं तर पाणी पिऊन, धन्यवाद म्हणून, काही मागवायच्या आत उठा. यात काहीही गैर नाही. जेवलात, तर बिल पूर्ण द्या. अमेरिकेत १८ ते २० टक्के टिप ही वाढणाऱ्याची मजुरीच असते, दणदणाटाचा राग तिथं काढू नका. ब्रिटनमध्ये अनेकदा सेवाशुल्क बिलातच लावलेलं असतं, ते बघून घ्या म्हणजे दोनदा दिलं जाणार नाही.

सातवी पायरी : तरीही ऐकू आलं नाही तर

हसून मान हलवू नका. माझी गोष्ट वर सांगितलीच आहे.

नुसतं "पार्डन?" म्हणालात तर समोरचा सगळं वाक्य पुन्हा त्याच वेगानं, फक्त मोठ्यानं म्हणतो आणि पुन्हा तोच शब्द निसटतो. त्यापेक्षा जे कळलं ते तुम्ही म्हणा आणि निसटलेलं तेवढंच विचारा. "यू सेड थर्सडे, बट व्हेअर?" तो फक्त जागेचं नाव सांगेल. आकडा असेल तर सुटा करून विचारा, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?" पत्ता, वेळ, नाव असं काही असेल तर फोन पुढं करून टाइप करायला सांगा. अँड्रॉइडवर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' आहे, समोरच्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटतं. फोन त्याच्याजवळ सरकवला तरच ते नीट चालतं.

कुणाला ॲलर्जी असेल, शेंगदाण्याची किंवा दुधाची, तर ती तोंडी सांगण्यावर सोडू नका. शब्द गोंगाटात हरवला तर जिवावर बेतू शकतं. कागदावर लिहून ठेवा आणि ऑर्डर देताना तो कागदच दाखवा. मांसाहार चालत नसेल तर तेही त्यावरच लिहा.

आणि कुणी गंभीर चेहऱ्यानं काही सांगतंय असं दिसलं तर हाताला हलकेच स्पर्श करून दाराकडं खूण करा. "लेट्स स्टेप आउट फॉर अ मिनिट." बाहेर थंडी असते. तरीही जा.

आठवी पायरी : कानांचा हिशेब

नायॉशची शिफारस अशी की ८५ डेसिबलला दिवसात आठ तास, आणि त्यापुढं प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. ॲप जवळ नसेल तर हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतोय का, ते बघा. लागत असेल तर तुम्ही ८५ च्या आसपास आहात. जिथं मुद्दाम नाचायला जाता तिथं आकडा फार वर जातो. स्वित्झर्लंडमध्ये तासाची सरासरी ९३ च्या वर जाणार असेल तर आयोजकांनी प्लग फुकट द्यायचे असा नियमच आहे. ते घ्या आणि घाला. मधेमधे दहा मिनिटं बाहेर जाऊन या, कानाला विसावा मिळतो.

रात्री घरी आल्यावर कानात गुणगुण होत असेल तर तो इशारा समजा. दोन दिवसांत थांबली नाही तर डॉक्टरांकडं जा. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याचे उपचार पहिल्या काही दिवसांतच गुण देतात. आतल्या कानातल्या त्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत.

नववी पायरी : आई-वडील भेटायला येतात तेव्हा

अण्णा दोन महिने आले होते. कौतुकानं त्यांना एका झगमगीत हॉटेलात नेलं. ते बसले, टेबलावर तळहात ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवून मला विचारलं, "खाली माग चालू आहेत का गं?" गाण्याचा ठेका लाकडातून त्यांच्या हाताला लागत होता. मग पूर्ण जेवणभर ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या कानांचे बारीक आवाज मागानं केव्हाच नेले होते. तशात गाणी लावली की त्यांच्यासाठी सगळं जग बंद होतं. मी त्यांच्यासमोर बसून सात वर्षांच्या गप्पा मारायला आले होते.

वय झालेल्या माणसांना नेताना आधी दुपारी एकट्यानं जाऊन जागा बघून या. चौघांपेक्षा जास्त माणसं नकोत. मेनू घरीच वाचून दाखवा, म्हणजे तिथं ओरडून सांगावं लागत नाही. बोलताना त्यांच्या कानात ओरडू नका, समोर बसून, तोंड दाखवून, जरा सावकाश बोला.

नंतर अण्णांना मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये घेऊन गेले. तिथं जुने माग चालू करून दाखवतात. माग चालू झाला तसे अण्णा दाखवणाऱ्या बाईंशी हातांनी आणि ओठांनी बोलायला लागले आणि त्याही तसंच उत्तर द्यायला लागल्या. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकांची आवाज न काढता, ओठ ठळक हलवून बोलायची अशी रीतच होती, तिला 'मी-मॉइंग' म्हणतात. दोघांना एकमेकांच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता, तरी पाच मिनिटं धाग्यावर बोलणं चाललं.

दहावी पायरी : घरी बोलवा

शेवटी कुठलंही हॉटेल घराची बरोबरी करू शकत नाही. तिकडची भाड्याची खोलीही रिकामी असली की घुमते. भिंतीला एक सोलापुरी चादर लावा, दुसरी जमिनीवर अंथरा, फरक लगेच कानाला कळेल. माणसं दोन किंवा तीनच बोलवा. गाणी लावू नका.

मी पहिल्यांदा घरी बोलावलं ते त्याच सहकाऱ्याला. शेंगा चटणी, दही, कडक भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. भाकरी मोडायची कशी ते दाखवलं. मग मी म्हणाले, त्या शुक्रवारी तू काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नव्हतं, पुन्हा सांगशील का? त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि आईबद्दल सांगायला लागला, अगदी हळू आवाजात. त्यातला प्रत्येक शब्द मला कळला.